पाच झबली

ऑक्टोबरात आमच्या उपनगरात कपडे फार भरभर वाळतात. पावसाळाभर खोलीतल्या दोरीवर कुबट लोंबणारी धुणी दसऱ्यानंतर बाल्कनीत येतात. सकाळी आठला टाकलेला टॉवेल दहाला पापडासारखा कडक होतो. वारा म्हणून नसतो. ऊन असतं ते असं, की समोरच्या टॉवरच्या काचांकडे बघितलं तरी डोळ्यांतून पाणी यावं.

आमच्या बोरिवलीच्या अकराव्या मजल्यावर सध्या माझ्या नातीची झबली वाळताहेत. बाई तीन आठवड्यांच्या आहेत, अजून नाव नाही, बारसं पुढच्या रविवारी. तळहाताएवढी झबली, बोटाएवढ्या बाह्या. मी सकाळी चहा घेऊन तिथे बसते आणि त्या रिकाम्या बाह्यांकडे बघत राहते. सुनेला वाटतं, म्हातारी नातीच्या कौतुकात बुडालीय. वाटू दे.

सून म्हणजे नेहा. हुशार मुलगी. बाळाच्या प्रत्येक गोष्टीचा तिने अभ्यास केलाय आणि तो सगळा फोनमध्ये आहे. परवा पार्सल आलं. तिने कात्रीने उघडलं आणि एक झबलं माझ्यासमोर धरलं.

"आई, हे बघा. ह्याची शिवण बाहेरून आहे. म्हणजे बाळाच्या अंगाला टोचत नाही. बटणं नाहीत, बाजूला बंद. आणि ऑर्गॅनिक कॉटन. मस्त आहे ना?"

मी हसले.

"हसताय काय?"

"काही नाही गं. उलटं शिवलंय म्हणून मंदार परत पाठवेल, त्याला सांगून ठेव."

मंदार माझा मुलगा, नेहाचा नवरा. तिला विनोद आवडला, ती हसत आत गेली. मी ते झबलं मांडीवर घेतलं, शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि मग मला चष्मा पुसायला लागला. शिवण बाहेर. हे मला एका बाईने अडतीस वर्षांपूर्वी, ह्याच दिवसांत, दिंडोशीच्या एका गॅलरीत उभं राहून सांगितलं होतं. फुकट. फोनशिवाय.

*

दिंडोशीला आमची चार मजली इमारत होती, प्रत्येक मजल्यावर एक लांब गॅलरी, आणि गॅलरीत सगळ्यांचं सगळं. कोणाकडे आज कोलंबी आहे हे वासावरून कळायचं आणि कोणाकडे भांडण आहे हे भांड्यांवरून. मागे आरेचं रान. संध्याकाळी तिकडून गवताचा आणि गोठ्यांचा मिसळलेला वास यायचा. ऑक्टोबरात तोही यायचा नाही, नुसता तापलेल्या सिमेंटचा.

तिथे एक सुलभा राहायची. वय तेवीस, पहिलं बाळंतपण, एक नंबरची शहाणी. मालाडच्या बाजारातून तिने बाळ व्हायच्या आधीच बाबासूट आणून ठेवला होता. आकाशी टेरिकॉट, गळ्याला लेस, मांड्यांना इलॅस्टिक, छातीवर बदक. वर लोकरीची टोपी. ऑक्टोबरात! कॅलेंडरवरच्या गुटगुटीत बाळाने घातली होती, म्हणून हिच्या बाळाने घालायची. ते कॅलेंडरवरचं बाळ कुठल्या थंड देशातलं असेल, हा विचार करण्याएवढी जागा तिच्या डोक्यात नव्हती. डोक्यात सगळी लेस भरलेली होती.

सासूबाई कुडाळकडच्या. त्या बाबासूटाकडे त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या बारश्यापर्यंत ठेवन दी. आधी जुना घालूचा असता. ज्या घरातली पोरा चांगली वाढली आसत, थयसून मागून हाड."

ही आमच्याकडची रीत. बाळाचं पहिलं कापड नवं नको. कोणाच्या तरी धडधाकट पोराने वापरलेलं, मागून आणलेलं हवं. त्याने बाळाला आयुष्य मिळतं म्हणतात. आयुष्याचं मला ठाऊक नाही. पण आता इतक्या वर्षांनी वाटतं, ज्या कोणा आजीने ही रीत पाडली तिने नवं कापड गालाला लावून बघितलेलं असणार. नव्या कापडात खळ असते, ते अंगाशी परक्यासारखं वागतं. जुनं कापड शंभर वेळा धुतलेलं, पिळलेलं, उन्हात वाळलेलं असतं. त्याचा सगळा ताठा गेलेला असतो. माणसाच्या कातडीला पहिल्यांदा जे शिवायचं, ते असं असावं. आणि मागून आणायचं अशासाठी, की मूल एका घराचं असलं तरी त्याच्या अंगावरचं कापड दुसऱ्या घरातून आलेलं असावं.

हे मला आता सुचतंय. तेव्हा सुचत नव्हतं.

*

शेजारच्या दारात शकू राहायची. शकुंतला. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, गोरेगावात बनियनच्या कारखान्यात मशीनवर. साताऱ्याकडची बौद्ध कुटुंबातली, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तीन पोरं, तिन्ही इतकी ठणठणीत की पावसात दिवसभर भिजून साधी शिंकायची नाहीत. मला डोहाळे लागले तेव्हा तिच्या हातच्या सुकटीच्या चटणीशिवाय घास उतरायचा नाही. वाटी रोज यायची.

आणि ती वाटी घेताना सुलभाबाई काय म्हणायच्या? "शकू, मी काही मानत नाही हां. मी तुझ्या हातचं खाते." तोंडावर म्हणायची! आणि जणू आता बिल्ला मिळणार अशी उभी राहायची.

शकू म्हणायची, "खा गं बाई. चटणीवर उपकार झाले तुझे."

मला वाटायचं, काय गमतीशीर बाई आहे.

मंदार झाला, त्याच्या पाचव्या दिवशी शकू दारात आली. हातात पाच झबली, घडी घातलेली, उन्हातून नुकतीच काढलेली, गरम.

"सासूबाई मागत होत्या ना जुनी? माझ्या तिघांच्या अंगावरची आहेत. कापड माझ्या आईच्या लुगड्याचं. आई गेली तेव्हा तेवढं एकच मी आणलं होतं. नेसवत नव्हतं, म्हणून ह्यांची केली."

मी एक उलगडलं. विटलेला हिरवा रंग, जाळीसारखं पातळ झालेलं. मी म्हटलं, "अगं, हे उलटं शिवलंय."

"उलटं नाही, बरोबर आहे. शिवण बाहेर. कारखान्यात दिवसभर मी तेच बघते. तुझ्या बनियनची शिवण टोचली तर तू खाजवशील. ह्याने कशाने खाजवायचं? मुठी तर उघडत नाहीत अजून. आणि बंद बाजूला बांध, पाठीवर गाठ नको, तो दिवसभर पाठीवरच असतो. दोन बोटं आत जातील इतकं सैल. ह्या उन्हात वर दुसरं काही नको."

एवढं एका दमात सांगून ती कामाला गेली. सासूबाईंनी एक झबलं गालाला लावलं. म्हणाल्या, "घाल गो. किती मऊ आसत. पोराक बरा वाटात."

आतापर्यंत मी "ती सुलभा, ती सुलभा" करून मजा घेत होते. इथून पुढे तसं चालणार नाही. इथून पुढे ती मीच आहे.

मी ती झबली घातली नाहीत. मांडणीवर, डब्यांच्या मागे ठेवली. सासूबाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा म्हटलं, "उकळून घेते आधी." उकळली नाहीत. नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, "जुनी आहेत, फाटतील." खरं कारण मला माहीत होतं आणि मी ते मनातसुद्धा शब्दांत म्हणत नव्हते. चटणी माझ्या तोंडात जात होती, ते तोंड माझं होतं. त्याचं मला मिरवता येत होतं. पण माझ्या मुलाच्या उघड्या अंगाला त्यांच्या घरातलं कापड लागायचं, तिथे माझा हात थांबला. तेवढ्यापुरता. फक्त तेवढ्यापुरता, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं.

एक दिवस दूध उतू गेलं. हाताला लागलं ते फडकं घेतलं, असं मी पुढे सांगत आले. खोटं. हाताशी दोन फडकी होती. मी डब्यांच्या मागे हात घालून झबलं काढलं, त्याने ओटा पुसला. दूध काय छान शोषलं त्याने. मग ते स्टोव्हशेजारीच राहिलं.

*

त्या ऑक्टोबरचं दुपारचं ऊन अजून माझ्या टाळूत आहे. पंखा गरम हवा नुसती ढवळायचा. मंदार पंधरा दिवसांचा, बाबासूटात, बदकासकट. बारसं बाराव्या दिवशीच उरकलं होतं, आणि त्या दिवसापासून मी तो बाबासूट रोज धुवून पुन्हा चढवत होते. त्या दुपारी पोर जे रडायला लागलं, ते थांबेना. दूध घेईना. मी त्याला घेऊन ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होते आणि स्वतःही रडत होते. सासूबाई देवळात गेल्या होत्या.

शकू त्या दिवशी घरी होती. रडणं ऐकून सरळ आत आली, दार लोटून.

"काढ ते आधी."

"अगं, पण सर्दी—"

"काढ गं! उकडतंय पोर!"

तिनेच काढलं. मंदारची मान, काखा, जांघा लालभडक, घामोळ्यांनी भरलेल्या. इलॅस्टिकचे मांडीवर वळ. तिने स्वच्छ पाण्यात पदराचं टोक बुडवून त्याला हळूहळू पुसलं, घडीच्या फटीफटीतून, मानेच्या वळीतून, फुंकर घालत. तो थांबला. हुंदके देत देत थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"झबलं दे एक," ती म्हणाली.

मी उठले नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझी नजर गेली होती तिकडे बघितलं. स्टोव्हकडे.

ती उठली. ओट्यावरचं ते झबलं उचललं. त्याला दुधाचे पिवळे डाग होते, एका बाजूने काजळी होती. तिने ते मोरीत नेलं, साबण लावून धुतलं, पिळलं, झटकलं. तेवढा वेळ नळाचा आवाज चालू होता आणि मी मांडीवरच्या उघड्या पोराकडे बघत बसले होते. मग ती आली. म्हणाली, "पाणी चांगलं शोषतं ना? जुनं आहे." आवाज नेहमीचाच. "बाकीची चार?"

मी डब्यांच्या मागे बोट दाखवलं. घडी तशीच होती, तिने घातलेली. तिने चार झबली काखेत मारली, पाचवं ओलं खांद्यावर टाकलं, आणि जाताना मंदारच्या पोटावरून एकदा हात फिरवला. "उघडाच राहू दे आजचा दिवस," म्हणाली, आणि गेली.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. गॅलरीत शिव्या दिल्या असत्या, चार बायका मध्ये पडल्या असत्या, आठवड्याने हसलो असतो. तसं काही झालं नाही. "जेवलीस का?" चालू राहिलं, "पाणी आलं का?" चालू राहिलं. मंदारला ती गॅलरीत कडेवर घ्यायची, तो तिला शकूमावशी म्हणायला शिकला. पण आमच्या उंबऱ्याच्या आत तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि चटणीची वाटी आली नाही. तीन वर्षांनी ते मुलुंडला राहायला गेले. टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा मी खाली उभी होते. तिने हात हलवला. मीही हलवला.

मग कोणी विचारलं, "तुमचं आणि शकूचं इतकं होतं, काय झालं?" तर मी म्हणायचे, "आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या ना." मान हलवून, एक सुस्कारा टाकून. हळदीकुंकवात सांगितलं, माहेरी सांगितलं, मंदार मोठा झाल्यावर त्यालाही सांगितलं. सासूबाई गेल्यावर तर फारच सोयीचं झालं. त्या फोटोत हसत होत्या, बोलत नव्हत्या.

*

झबली दाखवून झाल्यावर त्या दिवशी संध्याकाळी नेहा म्हणाली, "आई, आमच्या मम्मीकडे म्हणतात, बारशापर्यंत एकदा तरी जुनं झबलं घालावं. आपण कोणाकडून आणायचं? माझ्या मैत्रिणी तर सगळं ऑनलाइन टाकून देतात."

"मी आणते," मी म्हटलं. इतक्या पटकन, की मीच दचकले.

जुन्या इमारतीतल्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावरून पत्ता मिळाला. शकूच्या धाकट्याला मुलगा झालाय, पाच महिन्यांचा, हेही कळलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा आरेच्या रस्त्याने गेली. झाडांखालून थोडा वेळ गारवा लागला आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. मांडीवर कापडी पिशवी होती, रिकामी. साठी ओलांडलेली बाई झबली मागायला निघाली होती, नव्या नवरीसारखी घाबरत.

दार शकूनेच उघडलं. केस पांढरे, बाकी तीच.

"अगं सुलू! किती जाड झालीस!"

"तू काय बारीक आहेस?"

"मी पहिल्यापासूनच अशी. तू काडी होतीस, वारा सुटला की कठडा धरायचीस."

हसलो दोघी. चहा झाला. गुडघ्यांचं बोलणं झालं, नवऱ्यांचं झालं, दोघींचेही आता नाहीत. सून नातवाला घेऊन आली. त्याच्या अंगात एक पातळ, बिनबाह्यांचं झबलं, बाजूला सैल बंद. खुशीत पाय झाडत होता. बाल्कनीत दोरीभर त्याचेच कपडे.

मी म्हटलं, "शकू, नातीला दोन जुनी झबली देशील? बारसं रविवारी आहे."

शकूने कप खाली ठेवला. तिची सूनच म्हणाली, "आहेत की! आई, ती पहिल्या महिन्यातली सगळी पिशवीत बांधलेली आहेत ना? आणू?"

"राहू दे," शकू म्हणाली. सून गोंधळली, मग बाळाला घेऊन आत गेली.

आणि मी, रिक्षात जुळवलेली सगळी वाक्यं सोडून, काय म्हणाले माहीत आहे? "शकू, तेव्हाचं ते... सासूबाई जुन्या वळणाच्या होत्या गं. मी नवी सून, मी काय करणार?"

अडतीस वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली.

शकू माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुझ्या सासूबाई आल्या होत्या माझ्याकडे."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी दुपारी. तू बाळाजवळ झोपली होतीस. आत येऊन बसल्या. पाणी मागून घेतलं, प्यायल्या. म्हणाल्या, 'माझी सून अजून न्हान आसा. तू मनाक लावन घेव नको.' रडल्या गं."

बाल्कनीतून गरम झोत येत होता. त्या बाईने पुढची बावीस वर्षं माझ्या घरात काढली, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी मात्र तिच्या माघारी, तिच्या फोटोसमोर बसून...

"चुकलं गं माझं," मी म्हटलं.

"हो," शकू म्हणाली. "चुकलंच."

मग म्हणाली, "बोललीस, बरं झालं. पण झबली नाही देणार सुलू. एकदा दिली होती."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

लिफ्टपर्यंत सोडायला आली. माझा दंड धरून चालत होती, कारण पॅसेजमधला दिवा गेला होता. "मुलीला सुतीच घाल," म्हणाली. "नवं असेल तर तीनदा धू आधी, खळ जाऊ दे. आणि एसी आहे म्हणून दोन-दोन थर चढवू नका. मानेच्या मागे हात घालून बघायचं. घाम लागला तर एक काढायचं." लिफ्ट आली. तिने माझ्या दंडावरचा हात काढला.

*

घरी आले तेव्हा संध्याकाळ होत होती. नेहाने बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि विचारलं, "मिळाली का हो?"

"नाही म्हणाली."

"का? आहेत ना त्यांच्याकडे?"

"आहेत."

"मग? मंदार म्हणाला होता, तुमच्या सासूबाईंनी काहीतरी केलं होतं, त्याचा राग आहे का अजून?"

मी म्हटलं, "बस इथे." आणि सगळं सांगितलं. लुगड्याचं, डब्यांच्या मागचं, स्टोव्हशेजारचं. सासूबाईंनी एक झबलं गालाला लावून काय म्हटलं होतं, ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं. दोन फडकी हाताशी होती, तेही सांगितलं. विनोद एकही केला नाही. एक-दोन सुचले होते.

नेहा ऐकत होती. मध्ये एकदा तिने "अहो आई..." म्हटलं. माझं सांगून व्हायच्या आत ती उठली, वाकली, आणि माझ्या मांडीवरून बाळाला उचलून आत घेऊन गेली.

बाळाची दूध प्यायची वेळ झाली होती. मी तसंच धरून चालले आहे.